रघुनाथ धोंडो कर्वे आणि आपल्या घरातली मुलांची संख्या

गरोदर बाई पहिल्यांदा तपासणीला आली की आम्ही डॉक्टर केसपेपरवर चार अक्षरं लिहितो : जी, पी, एल आणि ए. किती वेळा दिवस गेले, किती बाळंतपणं झाली, किती मुलं हयात आहेत आणि किती गर्भपात झाले, याची ती नोंद असते. आजच्या पंचविशीतल्या मुलीच्या पेपरवर पी आणि एल हे आकडे बहुतेक वेळा सारखेच असतात. कधीकधी तिच्यासोबत आजेसासूबाई येतात. त्यांना सहज विचारलं की तुम्हाला मुलं किती, तर त्या आधी मलाच विचारतात, झालेली सांगू की जगलेली? मग बोटांवर मोजतात. झालेली आठ, जगलेली पाच. कधी नऊ आणि चार.

आजेसासूबाईंची आठ आणि नातसुनेची दोन, या दोन आकड्यांच्या मधल्या काळात समाजात फार मोठी उलथापालथ झाली. आधी मुलं मरायची थांबली आणि नंतर, बऱ्याच वर्षांनी, कमी जन्माला येऊ लागली. लोकसंख्येचे अभ्यासक याला लोकसंख्येचं संक्रमण म्हणतात. ते समजावून सांगण्यासाठी मला एका माणसाचं चरित्र फार उपयोगी पडतं. तो डॉक्टर नव्हता, गणिताचा प्राध्यापक होता. रघुनाथ धोंडो कर्वे.

कोकणातलं बालपण

रघुनाथरावांचा जन्म 14 जानेवारी 1882 चा, दापोलीजवळच्या मुरुडचा. वडील म्हणजे पुढे महर्षी म्हणून ओळखले गेलेले धोंडो केशव कर्वे आणि आई राधाबाई. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, 1891 मध्ये, आई बाळंतपणात गेली.

बाळंतपणात बायका तीन-चार कारणांनी दगावत : रक्तस्राव, अडलेली प्रसूती, झटके आणि प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग. आज यातल्या प्रत्येकावर उपचार आहे. तेव्हा रक्त चढवण्याची सोय नव्हती, प्रतिजैविकं नव्हती आणि सिझेरियन म्हणजे बहुधा मृत्यूच. बाळंतपणात बाई गेली, ही गोष्ट घरावर आकाश कोसळवणारी असली तरी गावासाठी नवलाची नव्हती. प्रत्येक बाळंतपणात धोका असायचा. सात-आठ बाळंतपणं म्हणजे तो धोका सात-आठ वेळा. पुढे रघुनाथरावांनी आयुष्यभर जो विषय लावून धरला त्याचं मूळ या एकाच घटनेत शोधणं सोपं आहे, पण मला ते घाईचं वाटतं. एवढं मात्र खरं, की जास्त बाळंतपणांची किंमत कोण मोजतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

वडिलांनी 1893 मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. लोकांनी पाठ फिरवली तरी माणूस जगतो, काम करतो, हे मुलाने घरातच पाहिलं. अभ्यासात तो हुशार होता. 1899 च्या मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि गणित शिकवू लागला.

मुलं होत आणि जात

त्या काळाचे आकडे नीट पाहायला हवेत. 1911 ते 1921 या दशकात भारतात दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे 48 जन्म होत आणि सुमारे 47 मृत्यू. म्हणजे मुलं भराभर जन्माला येत आणि माणसं जवळजवळ तितक्याच वेगाने जात. आजच्या भारताच्या हद्दीत 1911 साली 25.21 कोटी लोक होते आणि 1921 साली 25.13 कोटी. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली नाहीच, उलट थोडी घटली. संक्रमणाची पहिली पायरी ती हीच : जन्मदर उंच, मृत्युदर उंच, आणि लोकसंख्या जिथल्या तिथे.

त्या दशकात एक विशेष संकटही आलं होतं. 1918 च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून शिरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत देशभर पसरली. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्याआधी 1896 पासून प्लेग होता, शतक संपतानाचे दोन मोठे दुष्काळ होते आणि पटकी, देवी, हिवताप तर नेहमीचेच होते.

माझ्याकडे येणारे लोक कधी कधी म्हणतात की जुनी माणसं काटक होती, शंभर वर्षं जगायची. जी जगली ती आपल्याला दिसली, एवढाच त्याचा अर्थ. त्या दशकात भारतात जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान सुमारे 20 वर्षं होतं. सगळे विशीत मरत, असा मात्र याचा अर्थ नाही. अर्भकं आणि लहान मुलं इतकी जात की सरासरी खाली ओढली जायची. लहानपण पार केलेला माणूस साठीपर्यंत पोचू शकत होता. कर्व्यांच्याच घरात पाहा : आई बाळंतपणात गेली आणि वडील 104 वर्षं जगले.

1921

लोकसंख्येच्या पुस्तकांत 1921 हे साल भारतापुरतं दुभाजक मानलं जातं. त्यानंतरच्या कुठल्याही जनगणनेत लोकसंख्या घटलेली नाही. मृत्युदर उतरू लागला तो तिथून. त्यामागे एकच जादूचं औषध नव्हतं. पेनिसिलिन यायला अजून वीस-पंचवीस वर्षं होती. प्लेगचा जोर ओसरत गेला, देवीची लस पसरत गेली, दुष्काळात रेल्वेने धान्य पोचवता येऊ लागलं, काही शहरांत पाणी बरं मिळू लागलं. थोडं थोडं सगळीकडून झालं.

आणि याच 1921 मध्ये रघुनाथराव कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. लंडनला मेरी स्टोप्स यांचा दवाखानाही त्याच वर्षी उघडला. मला हा योग फार विलक्षण वाटतो, कारण लोकसंख्या वाढेल म्हणून मुलं कमी होऊ द्या असं म्हणायला त्या वर्षी हातात काही नव्हतं. जनगणना तर उलटंच सांगत होती. कर्व्यांना देशाच्या आकड्यापेक्षा बाईच्या शरीराची काळजी जास्त होती. लागोपाठच्या गरोदरपणांनी खंगलेली बाई, तिच्या अंगावर पिणारं अशक्त मूल आणि पोटात पुढचं. शरीरसुख पुरुषाइतकंच स्त्रीचंही आहे, आणि मूल कधी हवं हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे, हेही ते उघडपणे लिहीत. त्या काळी हे म्हणणं साधनं विकण्यापेक्षा जास्त धोक्याचं होतं.

त्याआधी 1919 मध्ये ते गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी पॅरिसला गेले होते. हाही एक योगायोग. युरोपात जन्मदर सर्वांत आधी उतरला तो फ्रान्समध्ये, आणि तोही मोठी रुग्णालयं किंवा गोळ्या येण्याच्या कितीतरी आधी. तिथल्या शेतकऱ्यांनी आपली कुटुंबं आपणच लहान केली. महायुद्धात तरुण पिढी मारली गेल्यावर सरकार घाबरलं आणि 1920 मध्ये संततिनियमनाच्या प्रचारावर कायद्याने बंदी आली. तरीही जन्मदर काही पूर्वीसारखा चढला नाही. घरात किती मुलं हवीत हे सरकारच्या सांगण्यावर फारसं ठरत नाही, हे फ्रान्सच्या बाबतीत तेव्हाच दिसलं होतं.

त्या वेळी साधनं तरी काय होती? गोळी 1960 नंतरची, तांबी त्याहून नंतरची. बाईसाठी रबराची टोपी, पुरुषासाठी निरोध, काही शुक्रजंतुनाशक औषधं. ती महाग होती, दुकानात मागायला लाज वाटे आणि ती कशी वापरायची हे सांगणारं कोणी नव्हतं. डॉक्टरसुद्धा नाही. आमच्या व्यवसायाला हे मान्य करायला हवं : जे काम डॉक्टरांनी करायचं, ते एक गणिताचा प्राध्यापक आणि त्याची पत्नी मालतीबाई करत होते. दोघांनी स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही असंही ठरवलं होतं. लोक नावं ठेवणार हे माहीत असूनच त्यांनी ते ठरवलं.

मृत्यू लवकर कमी होतात, जन्म सावकाश का?

लोकसंख्या वाढते ती लोक अचानक जास्त मुलं जन्माला घालतात म्हणून, असा समज अजून आहे. आपल्याकडे तसं झालं नाही. 1921-31 मध्ये मृत्युदर 47 वरून 36 वर आला आणि जन्मदर 48 वरून फक्त 46 वर. 1941-51 पर्यंत मृत्युदर 27 झाला होता, जन्मदर अजून 40 च्या आसपास. मधली फट रुंदावत गेली. जन्म तितकेच, पण जन्मलेली मुलं जगू लागली. 1951 साली लोकसंख्या 36.11 कोटी झाली. ही संक्रमणाची दुसरी पायरी. ही फट पुढेही बराच काळ राहिली आणि लोकसंख्यावाढीचा वेग 1961 ते 1971 या दशकात सर्वाधिक, जवळजवळ 25 टक्के होता.

फट पडते याचं कारण माणसाच्या स्वभावात आहे. लस टोचली, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली की मृत्यू त्याच वर्षी कमी होतात, त्यासाठी कुणाचं मन वळवावं लागत नाही. पण मुलं किती हवीत याचा हिशेब लोक आठवणींवरून करतात. जिच्या आईची आठांपैकी तीन गेली, ती दोनवर थांबायला कशी धजावेल? एक गेलं तर? मुलगा गेला तर म्हातारपणी कोण? सरकारी आकडेवारी सुधारली तरी शेजारच्या घरी मूल गेलेलं ती विसरत नाही. तिला खात्री पटायला एक पिढी जाते. त्यात मुलगी शाळेत जाऊ लागली, लग्नाचं वय वाढलं, शेतावरच्या हातांऐवजी फीची पावती घरात आली, की हिशेब बदलतो. तिसऱ्या पायरीवर जन्मदर उतरतो तो असा. चौथ्या पायरीवर दोन्ही आकडे खाली येऊन पुन्हा जवळ जातात.

पण हिशेब बदलला तरी साधन हवं, माहिती हवी आणि ती द्यायला न लाजणारा माणूस हवा. कर्व्यांनी 1921 ते 1953 हा जो काळ या कामात घालवला, तो नेमका या फटीतला काळ आहे.

मासिक, खटले आणि रिकामा खिसा

कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवत होते. संततिनियमनाबद्दल ते जाहीरपणे बोलू-लिहू लागल्यावर कॉलेजच्या मिशनरी चालकांनी त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं, आणि 1925 मध्ये नोकरी गेली. जुलै 1927 पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि अखेरपर्यंत, म्हणजे 26 वर्षं, बहुतांशी एकट्याच्या बळावर चालवलं. पैसा नव्हता, खप बेताचा होता आणि मुखपृष्ठावरच्या नग्न स्त्रीचित्रांमुळे शिव्या भरपूर मिळत.

1931 मध्ये व्यभिचारावरच्या एका लेखासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड झाला. 1934 चा दुसरा खटला मला जास्त बोलका वाटतो, कारण तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर होता. लोक पत्र लिहून हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, समलिंगी आकर्षण म्हणजे काय, असं विचारत आणि कर्वे छापील उत्तर देत. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही. हे उत्तर आज मी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी देते, आणि विचारणारा मुलगा अजूनही दार लोटून घेतल्याशिवाय तोंड उघडत नाही.

बाबासाहेबांनी हा विषय तिथेच सोडला नाही. 1938 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या बाजूने ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

विरोध फक्त सनातन्यांचा नव्हता. गांधीजींना कुटुंब लहान असावं हे मान्य होतं, पण कृत्रिम साधनं मान्य नव्हती. त्यांचा मार्ग ब्रह्मचर्याचा आणि संयमाचा. कर्व्यांनी या भूमिकेवर सतत टीका केली. डॉक्टर म्हणून मी इथे कर्व्यांच्या बाजूची आहे. घरात संयम कुणी ठेवायचा हे ठरवण्याची सत्ता ज्या बाईकडे नाही, तिला संयमाचा उपदेश काय उपयोगाचा?

पण कर्व्यांचं सगळंच उचलून धरावं असंही नाही. त्यांची भाषा तिखट होती, समोरच्याचा मान ठेवून पटवणं त्यांना जमलं असं वाटत नाही. आणि त्या काळात जगभरच्या संततिनियमनाच्या चळवळीला एक वाईट जोड होती, कुणी मुलं जन्माला घालावीत आणि कुणी घालू नयेत हे ठरवू पाहणाऱ्या सुप्रजननशास्त्राची. मेरी स्टोप्स तर त्यात पुढे होत्या. त्या काळातलं लिखाण वाचताना हे डोळ्यांआड करू नये. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, देशात 80 लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या आणि त्यातल्या कित्येक जबरदस्तीच्या होत्या. कर्व्यांचं म्हणणं होतं की निर्णय ज्याच्या-त्याच्या शरीराचा. त्याच्या हे अगदी उलट होतं. पुरुष नसबंदीचं नाव तेव्हा जे खराब झालं ते अजून सुधारलेलं नाही.

आज हिशेब कुठे आहे

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे भारतात एका स्त्रीला सरासरी 2.0 मुलं होतात, महाराष्ट्रात 1.7. आई-बापांची जागा घ्यायला साधारण 2.1 लागतात, म्हणजे आपण त्याखाली आलो आहोत. 2020 साली देशाचा जन्मदर हजारी 19.5 होता आणि मृत्युदर 6. फट अजून आहे, पण ती आता मिटत चालली आहे. माझ्या वेटिंग रूममध्येही ते दिसतं. पूर्वी तिथे कडेवरची मुलं जास्त असत, आता बीपी-शुगरच्या फाइली घेतलेले आजी-आजोबा जास्त असतात, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा दुसऱ्या शहरातून फोनवर रिपोर्ट विचारत असतो.

एक गोष्ट मात्र कर्व्यांना आवडली नसती. त्याच पाहणीत नसबंदी झालेल्या बायकांचं प्रमाण 37.9 टक्के होतं आणि पुरुष नसबंदीचं फक्त 0.3 टक्के. कुटुंब लहान झालं, पण टाके अजून बाईच्याच पोटावर. वैद्यकीयदृष्ट्या पुरुष नसबंदी हीच सोपी : छोटी जखम, जागेवर भूल, त्याच दिवशी घरी. ताकद किंवा कामेच्छा कमी होत नाही. फक्त ती लगेच लागू पडत नाही. साधारण तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि वीर्य तपासून शुक्रजंतू नाहीत याची खात्री करून घ्यावी लागते. ज्यांना कायमचं थांबायचं नाही, फक्त अंतर हवं आहे, त्यांच्यासाठी सरकारी आरोग्य केंद्रात तांबी, 'अंतरा' इंजेक्शन, 'छाया' गोळ्या आणि निरोध मोफत मिळतात. एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस जाण्याआधी किमान दोन वर्षं जाऊ द्यावीत. आईचं रक्त भरून यायला आणि अंगावरच्या मुलाला पूर्ण दूध मिळायला तेवढा काळ लागतोच.

1952 मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. राष्ट्रीय पातळीवर असं करणारा जगातला हा पहिला देश. पहिल्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी 65 लाख रुपये ठेवले होते. ज्या गोष्टीसाठी कर्व्यांची नोकरी गेली आणि ज्या मासिकासाठी दोनदा दंड झाला, ते काम सरकारी झालं तेव्हा ते सत्तरीचे होते आणि मासिक अजून स्वतःच काढत होते.

14 ऑक्टोबर 1953 ला ते गेले. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि 'समाजस्वास्थ्य' बंद झालं. वडील तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते. ते आणखी नऊ वर्षं जगले.